टीकाकारांवाचून पहिला खेळ

आमच्या धारला नवा चित्रपट फार उशिरा येई. मुंबईस ज्या बोलपटाचे रौप्यमहोत्सव साजरे होत, त्याची पेटी इंदूरचा मुक्काम आटोपून आमच्या गावी पोहोचावयास कित्येक महिने लोटत. पेटी आली म्हणजे टांग्याच्या दोन्ही अंगांस रंगीत फलक बांधून, कर्ण्यातून ओरडत आणि पत्रके उधळीत गावभर दवंडी फिरे. आम्ही मुले त्या पत्रकांमागे धावत असू. पण वडीलधारी मंडळी त्या दवंडीवर विसंबून तिकीट काढीत नसत. तोपर्यंत इंदूरचे मामा तो चित्रपट पाहून मोकळे झालेले असत, पुण्याच्या आत्याचे पत्र येऊन गेलेले असे, आणि वाचनालयातल्या जुन्या अंकांतून त्याचे परीक्षणही वाचून झालेले असे. चित्रपट गावात येण्यापूर्वी त्याची अब्रू किंवा बेअब्रू गावात येऊन राहिलेली असे.

आता तसे राहिलेले नाही. मुंबईत ज्या शुक्रवारी चित्रपट लागतो, त्याच शुक्रवारी तो धारेत आणि देवासातही लागू शकतो. आणि काही चित्रपटांच्या बाबतीत असे घडते की, त्या शुक्रवारच्या वृत्तपत्रात त्यांच्याविषयी जाहिरातीवाचून एक अक्षरही नसते. परीक्षण नसते, कारण परीक्षकाला तो आधी दाखविलेलाच नसतो. इतर चित्रपटांचा एखादा खास खेळ बुधवारी किंवा गुरुवारी पत्रकारांसाठी होतो. या चित्रपटांचा होत नाही. असे का व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

याचे एक उत्तर कोणीही चटकन देईल : चित्रपट वाईट असतो म्हणून तो लपवितात. हे उत्तर खोटे नाही. अपुरे मात्र आहे. वाईट चित्रपट पूर्वीही निघत, आणि मुबलक निघत. ते पत्रकारांपासून लपविण्याची पद्धत मात्र त्या मानाने अलीकडची आहे. वाईट माल जुना आणि तो झाकून विकण्याची रीत नवी, असे असेल तर कारण मालात नव्हे, बाजाराच्या बदललेल्या चालीत शोधावयास हवे.

थोडे मागे जाऊ. आपल्याकडे नाट्यप्रयोगाची पारख करण्याचा विचार अतिशय जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी आहे, आणि त्यात ‘प्राश्निक’ नावाचे दहा परीक्षक सांगितले आहेत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्येत निष्णात असा योद्धा, चित्रकार, गणिका, गवई आणि राजसेवक. ही यादी वाचून प्रथम हसू येते. पण क्षणभर विचार केला म्हणजे तिच्यातला व्यवहार कळतो. रंगभूमीवर यज्ञाचा प्रसंग असेल तर त्यातली चूक यज्ञ जाणणाऱ्यालाच कळणार. धनुष्य घेऊन उभ्या राहिलेल्या नटाचा पवित्रा बरोबर आहे की नाही, ते योद्ध्याने सांगावे. प्रणयाचा उपचार गणिकेने, आणि दरबारी अदब राजसेवकाने. सर्वज्ञ टीकाकार नावाचा प्राणी भरताला मान्य नसावा. आजच्या काही परीक्षकांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

आता धारेचेच उदाहरण घेऊ. १९०३ साली येथील भोजशाळा आणि कमाल मौला मशीद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत एक मोठी कोरीव शिळा उजेडात आली. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशीनाथ कृष्ण लेले यांनी तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि हुल्ट्श या जर्मन पंडिताने तिचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्या शिळेवर राजाज्ञा नव्हती, दानपत्र नव्हते. चक्क एक नाटिका होती. तिचे नाव ‘पारिजातमंजरी’, दुसरे नाव ‘विजयश्री’. कर्ता परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन. या राजाचे १२११ ते १२१५ या वर्षांतले ताम्रपट उपलब्ध आहेत. तेव्हा नाटिकाही त्याच सुमाराची. गुजरातच्या चौलुक्य राजावर अर्जुनवर्म्याने विजय मिळविला, त्या क्षणी हत्तीवर बसलेल्या राजाच्या छातीवर पारिजाताची मंजरी पडली आणि तिची एक सुंदर तरुणी झाली, अशी कथेची सुरुवात आहे. पुढे मत्सरी राणी, विदूषक, वसंतोत्सव हे सारे यथासांग येते. दुसऱ्या अंकात राणीच्या कर्णभूषणात नायिकेचे प्रतिबिंब राजाला दिसते, ही कल्पना तर मोठी गोड आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती प्रस्तावना. ही नाटिका वसंतोत्सवाच्या वेळी धारानगरीतील शारदेच्या सदनात रंगावयाची आहे, असे तीत सूत्रधार सांगतो. म्हणजे पहिला प्रयोग आणि जाणकारांसमोरचा प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. संस्कृत नाटकाची प्रस्तावनाच मुळी अशी असते : सूत्रधार पुढे येतो, कवीचे नाव सांगतो, कृती नवी असल्याचे बजावतो, आणि समोर बसलेल्या रसिकांच्या सभेला आर्जव करतो. रसिक आधी, मग गर्दी, असा क्रम तेथे गृहीत आहे.

परंतु या चित्राला फार सोनेरी मुलामा देऊ नये. नाटिकेचा नायक खुद्द राजा, कवी राजाचा गुरू, आणि प्रेक्षकांत बसलेले पंडित राजाच्या पदरी. अर्जुनवर्मा स्वतः उत्तम रसिक होता. अमरुशतकावर त्याने ‘रसिकसंजीवनी’ नावाची टीका लिहिली आहे. तरीही त्या दिवशी, “महाराज, दुसरा अंक जरा लांबला,” असे म्हणण्याची छाती कोणाची झाली असेल? पत्रकारांच्या खास खेळाला चहा-फराळाची सोय असते, आणि कित्येकदा निर्माता स्वतः दाराशी उभा राहून हसतमुखाने “कसा वाटला?” असे विचारतो. अवघडलेपणाची जात तीच.

देवासचे उदाहरण याहून निराळे आहे. त्या गावी रजब अली खाँसाहेबांचे वास्तव्य होते, आणि १९४८ साली आजारी अवस्थेत कुमार गंधर्व तेथे राहावयास आले ते कायमचे. मैफलीत जाणकार पुढच्या रांगेत बसतात आणि गवई त्यांच्याकडे पाहूनच गातो. परंतु आजची मैफल ऐकून उद्याच्या मैफलीविषयी कोणी खात्री देऊ शकत नाही. भूप तोच, पण गाणे निराळे. नाटकाचेही काही अंशी तसेच. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चारच अंक केले, बाकीचे पुढे झाले. नाटक रंगभूमीवर आल्यावरही घडत राहते. चित्रपटाचे मात्र तसे नाही. तो एकदा डब्यात बंद झाला की मुंबईत जो दिसेल तोच धारेत दिसावयाचा. एकाने पाहिला म्हणजे त्याच्यातले सारे रहस्य आणि सारे दोष कायमचे उघड झाले. आधी दाखवावा की दाखवू नये, हा प्रश्न इतक्या तीव्रपणे चित्रपटाच्याच वाट्यास यावा याचे कारण हे आहे.

आपल्या पहिल्या चित्रपटकाराने या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे दिले होते. दादासाहेब फाळके यांनी २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात ‘राजा हरिश्चंद्रा’चा खास खेळ निमंत्रितांना आणि वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना दाखविला. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मधले बारा दिवस चर्चेला मिळाले. फाळक्यांपाशी भांडवल नव्हते, नामांकित नट नव्हते, स्त्रीभूमिकेला स्त्रीदेखील मिळाली नव्हती. तारामतीचे काम साळुंके नावाच्या तरुणाने केले. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला चार शहाण्यांच्या शब्दाचाच आधार. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही दिसली. पुढे हा चित्रपट सुरतेस नेला तेव्हा पहिल्या दिवशी उत्पन्न अगदी नगण्य झाले, असे सांगतात. मुंबईची कीर्ती तेथवर पोहोचलीच नव्हती. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत चित्रपटाची लांबी आणि त्यातील छायाचित्रांची प्रचंड संख्या सांगून लोकांना ओढून आणले. परीक्षण नसेल तेथे जाहिरात कशी पुढे सरसावते, त्याचा हा पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे चित्रपटाचा प्रवास बैलगाडीच्या गतीने चालला. प्रती थोड्या, मोठ्या शहरातल्या एकदोन चित्रपटगृहांत तो आधी लागावयाचा, तेथे दमला म्हणजे दुसऱ्या फळीच्या गावी, मग तिसऱ्या. देशाचे प्रदेशवार वाटे पाडलेले असत. आमचा माळवा मध्य भारतात, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘सी.पी.-सी.आय.’ या विभागात मोडे. त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या भुसावळला आणि इंदूरला असत. भुसावळ हे आगगाडीचे जंक्शन म्हणून सर्वांना ठाऊक आहे. अर्ध्या मध्य भारताने कोणता चित्रपट केव्हा पाहावा याचाही निकाल तेथे लागे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अशा व्यवस्थेत पैसा हळूहळू गोळा होई. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि एका वर्षाहून अधिक काळ तेथेच राहिला. एका चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे! तेथे टीकाकाराला पहिला खेळ न दाखवून काय साधणार? त्याने तिकीट काढून दुसऱ्या आठवड्यात पाहिला असता, तरी पंचावन्न आठवडे शिल्लक होते. १९३५ साली सुरू झालेल्या ‘फिल्मइंडिया’त बाबूराव पटेल चित्रपटांची सालटी काढीत आणि निर्माते त्यांच्या नावाने कडाकडा बोटे मोडीत, पण ते मासिकच होते. महिनाभराने येणारा घावसुद्धा पुरेसा लवकर येई, कारण चित्रपट अजून अर्ध्या देशात पोहोचावयाचा असे.

म्हणजे लपविण्याचा उपयोगच नव्हता. बातमी चित्रपटाच्या पुढे धावत होती.

टीकाकारांना खेळ न दाखविण्याचा गाजलेला पहिला प्रकार घडला तो वाईट चित्रपटासाठी नव्हे. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’ पत्रकारांना आधी दाखविण्याचे नाकारले. त्यांनी लोकांबरोबर बसून पाहावा, असे सांगितले. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत घेऊ नये, अशी सक्त ताकीद चित्रपटगृहांना होती. नायिका म्हणून जाहीर झालेली स्त्री अर्ध्या वाटेतच मारली जाते, हे गुपित फुटू नये एवढाच हेतू. पुष्कळ परीक्षक रागावले, काहींची परीक्षणे नाराजीची उतरली, आणि चित्रपट तुफान चालला. आज त्याची गणना श्रेष्ठ चित्रपटांत होते. रहस्य राखण्यासाठी दार लावणे हे मला समजू शकते. मात्र त्या दिवशी धंद्याला एक गोष्ट कळून चुकली : टीकाकारांवाचूनही गर्दी जमविता येते.

पुढचे पाऊल १९७५ साली पडले. ‘जॉज’ हा चित्रपट अमेरिकेत एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि त्यापूर्वी दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा झाला. तो चित्रपट उत्तम होता, तेव्हा लपविण्याचा प्रश्न नव्हता. परंतु या पद्धतीने हिशेबच पालटला. सत्तावन्न आठवड्यांची कमाई पहिल्या तीन दिवसांत गोळा करता आली, तर चौथ्या दिवशी लोक काय म्हणतात याची फिकीर कशाला? शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन दिवस परीक्षणावाचून निभावले की पुष्कळसे काम झाले. चित्रपट फसला आहे हे निर्मात्याला स्वतःला दिसत असते. अशा वेळी गुरुवारचा खास खेळ म्हणजे आपल्याच हाताने शुक्रवारची सकाळ नासविणे. १९९८ सालचा ‘दि ॲव्हेंजर्स’ असा आला. २००९ साली ‘जी. आय. जो’ बहुतेक परीक्षकांना न दाखविता लावला गेला आणि त्याने जगभर भरपूर पैसा मिळविला. २००६ सालच्या ‘स्नेक्स ऑन अ प्लेन’चा अनुभव उलट होता. त्याचा नुसत्या नावावर महिनोन्‌महिने बोलबाला झाला, टीकाकारांना बाहेर ठेवले, तरी अपेक्षेइतका गल्ला जमला नाही. झाकली मूठ प्रत्येक वेळी सव्वा लाखाची ठरतेच असे नाही.

आपल्याकडे हे लोण पुरते पोहोचावयास आणखी अवधी लागला, कारण आपल्याकडे पेटी होती. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ हा राजश्रीचा चित्रपट आला, तेव्हाही तो प्रथम मोजक्या चित्रपटगृहांत लावून मागणी वाढेल तसा पसरविण्यात आला. २००५ नंतरच्या वर्षांत उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रपटगृहात उतरविण्याची सोय झाली, आणि पेटी गेली. भुसावळहून रेल्वेने, इंदूरहून मोटारीने येणारी ती लोखंडी पेटी गेली, तिच्याबरोबर आमच्या गावाचा उशीरही गेला. त्याचा आनंद आम्हांला झाला, हे कबूल केले पाहिजे. धारचा प्रेक्षक मुंबईच्या प्रेक्षकाच्या बरोबरीला आला. मात्र तो बरोबरीला आला तो माहितीच्या बाबतीत नव्हे, अंधाराच्या बाबतीत. मामांनी पाहिलेला नाही, आत्याचे पत्र नाही, परीक्षण नाही. आहे ती केवळ दवंडी. आणि पूर्वी जी टांग्यातून फिरे ती आता खिशातल्या दूरध्वनीत अष्टौप्रहर वाजत असते.

निर्मात्यांचीही एक बाजू आहे, आणि ती मी टाळणार नाही. टीकाकार चुकतात. १९७५ च्या १५ ऑगस्टला ‘शोले’ लागला तेव्हा कित्येक परीक्षकांनी त्याला झोडपले आणि धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असे जाहीर केले. तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याच वर्षीच्या ‘जय संतोषी माँ’कडे टीकाकारांनी फारसे पाहिलेही नव्हते, लोक चपला बाहेर काढून चित्रपटगृहात शिरत होते. पण नीट पाहिले तर ही दोन्ही उदाहरणे लपविण्याच्या विरुद्ध साक्ष देतात. या चित्रपटांना वाचविले ते वेळाने. पहिल्या आठवड्यातली निंदा लोकांनी आपल्या डोळ्यांनी खोडून काढली, कारण खोडण्यापुरता अवधी चित्रपटगृहांनी त्यांना दिला. आजच्या तीन दिवसांच्या हिशेबात ‘शोले’चे काय झाले असते, कोण सांगणार?

निर्मात्यांची दुसरी तक्रार अधिक नवी आहे. आता परीक्षक म्हणजे वृत्तपत्रातला एक गृहस्थ राहिलेला नाही. पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच शेकडो माणसे आपले मत जगाला कळवून मोकळी होतात, आणि त्यांतली काही पैसे घेऊन कळवितात असा निर्मात्यांचा आरोप आहे. २०२४ च्या अखेरीस तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने चित्रपट लागल्यापासून तीन दिवस अशी परीक्षणे प्रसिद्ध होऊ नयेत, यासाठी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने तशी तातडीची बंदी घालण्यास नकार दिला. मागणी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीनच दिवस! व्यापाऱ्याला नेमके किती दिवस लोकांचे तोंड बंद हवे आहे, ते इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

कायद्याचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवितो. १९१८ च्या कायद्यापासून आपल्या देशात कोणताही चित्रपट सरकारने नेमलेल्या परीक्षकांना आधी दाखवावाच लागतो. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले. लोकांनी पाहण्यापूर्वी सरकारने पाहिलाच पाहिजे, असा नियम आहे. लोकांच्या वतीने पाहणाऱ्या टीकाकाराला मात्र असा कोणताही हक्क नाही; त्याला मिळते ते निमंत्रण, आणि निमंत्रण देणाऱ्याच्या मर्जीवर असते. काही मोठ्या निर्मितिसंस्था नावडत्या परीक्षकाला यादीतून वगळतात, ही या व्यवसायातली जुनीच कुजबूज आहे. एका परिचित परीक्षकाने मला सांगितले की, अशा वेळी ते शुक्रवारी सकाळी नऊच्या खेळाचे तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसतात. “निदान चहा पाजून मत विचारणारे तरी कोणी नसते,” असे ते म्हणाले. हिचकॉकला हेच हवे होते.

दुबळा चित्रपटकार मात्र आजही फाळक्यांच्याच वाटेने जातो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला दाखविला गेला, महोत्सवांतून फिरला, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे लागला. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिनला परक्या प्रेक्षकांनी पाहिला होता. महाराष्ट्रात तो एप्रिलच्या अखेरीस आला. ज्याला चित्रपटगृहे थोडी, जाहिरातीला पैसा थोडा, आणि कृतीवर भरवसा पुरेसा, तो जाणकारांना आधी बोलावितो. आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांना मराठी चित्रपट पाहण्यासाठी बहुधा इंदूर गाठावे लागते. जाऊन-येऊन सबंध दिवस मोडतो. चार विश्वासाची माणसे चांगले म्हणाल्याखेरीज आम्ही घराबाहेर पडत नाही. अशा चित्रपटांच्या बाबतीत आमचा जुना उशीर अजून शाबूत आहे, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही.

‘पारिजातमंजरी’च्या शिळेची हकीकत अर्धवट राहिली. नाटिका चार अंकांची. शिळेवर आहेत ते पहिले दोन. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असले पाहिजेत, परंतु ती अद्याप सापडलेली नाही. राणीच्या मत्सराचे पुढे काय झाले, विजयश्रीची आणि राजाची गाठ कशी पडली, हे त्या वसंतोत्सवात शारदेच्या सदनी बसलेल्या मंडळींना तेवढे ठाऊक होते. त्यांना नाटिका कशी वाटली, हेही कोणी कोरून ठेवलेले नाही.